सोबतिणीचा हात

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मागचे लोक भिंतीला टेकून उभे होते. व्यासपीठावर माझी पंधरा वर्षांची मुलगी खुर्चीत बसली होती. ती जन्मापासून बोललेली नाही. तिच्या शेजारी, न बोलणाऱ्या मुलांना बोलतं करतो म्हणणाऱ्या केंद्रातली सोबतीण बसली होती. तिनं मुलीचं उजवं मनगट धरलं होतं आणि समोरच्या अक्षरपाटीवर मुलीचं बोट टकटक फिरत होतं. एक जण ती अक्षरं जोडून माईकवर वाचत होता. "मी मुकी नाही. जगाला ऐकू येत नाही."

लोकांनी रुमाल काढले. शेजारची बाई मला म्हणाली, "नशीबवान आहात हो." मी मान डोलावली. माझेही डोळे भरले होते, तेव्हा दुसऱ्या कुणाला हसायचा मला हक्क नाही.

मग केंद्राचे संचालक उठले. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत. ते म्हणाले, "डॉक्टर सांगतात हिला समज नाही. मी सांगतो, हिच्या आत अख्खं विद्यापीठ आहे. दार फक्त बाहेरून लावलंय. आम्ही कडी काढतो, बाकी काही नाही."

ही कडी काढायला आठवड्यातून दोनदा जावं लागे. सोबतीण कायम तीच हवी. आणि शंका घेणाऱ्यानं खोलीत थांबायचं नाही, कारण शंकेनं दोघींमधल्या लहरी तुटतात, असं सर म्हणत. वीज गेली तरी त्या लहरी चालू राहायच्या, शेजारच्या खोलीत ड्रिल चाललं तरी चालू राहायच्या. शंकेला मात्र फार नाजूक होत्या.

मी का भुललो ते सांगतो. आदल्या वर्षी माझी बायको गेली. घरीच गेली. मी वजनकाटे दुरुस्त करतो. त्या दुपारी एका दुकानात काटा उघडून बसलो होतो. घरी तिच्याजवळ फक्त ही मुलगी होती. मी पोचलो तेव्हा ती आईच्या चादरीचं टोक धरून बसली होती. शेवटी काय झालं, हे पाहिलेलं माणूस जगात एकच, आणि ते बोलत नाही.

केंद्रातल्या पहिल्याच दिवशी मी विचारलं, आई जाताना काही म्हणाली का गं. बोट फिरलं. 'बाबांना सांग, वेळेवर जेवत जा.'

हे बायको रोजच म्हणायची. तसं कुणाचीही बायको म्हणते. पण त्या दिवशी मला ते सुचलं नाही. ते वाक्य लिहून दिलेली चिठ्ठी मी खिशात ठेवली. घामानं अक्षरं फुटली, तेव्हा दुसऱ्या कागदावर उतरवून घेतली.

पाच महिन्यांत मुलीच्या बोटातून अकरा कविता आल्या. सर म्हणाले, हिला आता दहावीच्या परीक्षेला बसवू, सोबतीण मदतनीस म्हणून बसेल. शाळेत परीक्षेच्या सवलतींचा अर्ज आला. माझी सही हवी होती.

शाळेतल्या बाईंनी अर्ज माझ्या हातात दिला, पण पेन दिलं नाही. या बाई माझ्या मुलीला दीड वर्ष टॅबलेट शिकवत होत्या. चित्राला बोट लावलं की टॅबलेट तो शब्द बोलतो. दीड वर्षात आठ चित्रं झाली होती. सरांनी आम्हाला सांगितलं होतं, कविता करणाऱ्या मुलीला चित्रं दाखवणं हा तिचा अपमान आहे. म्हणून टॅबलेट कपाटात गेला होता.

"भाऊ, सही केलीत तर हा टॅबलेट दुसऱ्या मुलाला जाईल," बाई म्हणाल्या. "मग तिचं सगळं बोलणं त्या हातातून. तो हात कुणाचा आहे, एवढं बघू द्या."

मी नको म्हणालो. दोन दिवस नकोच म्हणत होतो. हो म्हणाली ती सोबतीण. तिची खात्री होती, म्हणून ती हसत आली.

वर्गात आम्ही पाच जण होतो. मुख्याध्यापक खिडकीपाशी बसले. बाईंनी मुलगी आणि सोबतीण यांच्यामध्ये फाईल उभी धरली, म्हणजे एकीचं चित्र दुसरीला दिसणार नाही. आधी दोघींना एकच चित्र दाखवलं. तीन वेळा उत्तर बरोबर आलं. मी मोकळा श्वास घेतला.

मग मुलीला किल्ली दाखवली, सोबतिणीला कप. पाटीवर आलं, कप. मुलीला बूट, सोबतिणीला छत्री. छत्री आलं. मुलीला पंखा, सोबतिणीला बादली. बादली. पाच वेळा पाचही शब्द सोबतिणीचे. सहाव्या वेळी सोबतिणीला बाहेर पाठवून मुलीच्या हातात कंगवा दिला, काढून घेतला आणि सोबतिणीला आत बोलावलं. पाटीवर आलं, 'ही परीक्षा माझा अपमान आहे.'

कंगव्याचं नाव नाही. आणि इतका वेळ मुलीनं पाटीकडे एकदाही बघितलं नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत होती. न बघता अक्षर कोण लावतं? पाच महिने मी समोर बसून हे बघत होतो.

सोबतीण रडायला लागली. "दादा, मी नाही हो हलवला. आईशपथ नाही."

बाई मला म्हणाल्या, "तुम्ही धरा मनगट. ढकलू नका. मनात एक शब्द ठेवा."

मी धरलं. हात अगदी सैल ठेवला. मुलीचं बोट सरकलं आणि 'आ' वर थांबलं. मग 'ई' वर. मी ढकललं नव्हतं, पण माझ्या मनातला शब्द तोच होता. सोनाराचा काटा काचेच्या पेटीत का असतो, हे मी गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगत आलोय. श्वासानं हलतो म्हणून. मनात असलेला शब्द हाताला कळतो आणि हात आपल्याला न विचारता तिकडे जातो. सोबतीण खोटारडी नव्हती. ते वेळेवर जेवायचं सांगणारी बाई तीच होती, माझी बायको नव्हती.

बाईंनी कपाटातून टॅबलेट काढून मुलीपुढे ठेवला. तिचा हात कुणी धरला नाही. तिनं खाली बघितलं, शोधलं आणि एका चित्रावर बोट ठेवलं. टॅबलेट म्हणाला, "दुखतं." तिनं पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं, मग गालावर चापट मारून घेतली.

गालावर ती कित्येक आठवडे मारून घेत होती. सर म्हणाले होते, आतले शब्द धडका देतायत. दातांच्या डॉक्टरांनी बघितलं, तर मागच्या दोन दाढा मुळापर्यंत किडलेल्या होत्या. प्रकाशावर, आकाशावर, मौनावर अकरा कविता आल्या, दाढेवर एक ओळ आली नाही. कशी येणार? दाढ सोबतिणीची दुखत नव्हती.

सर म्हणाले, त्या दिवशी वर्गातलं वातावरण नकारात्मक होतं. केंद्र अजून चालू आहे. तिथल्या एका मुलाचा बाप माझ्या दुकानात आला होता. काट्याच्या पारड्याकडे बघत म्हणाला, "तुमची मुकी झाली ना पुन्हा? आमचा बोलतोय, त्याला बोलू द्या."

त्याच्यासाठी इथं लिहितो. लेखनिक घेण्यात वावगं काही नाही. दृष्टी नसलेलं मूल तोंडानं सांगतं आणि लेखनिक उतरवून घेतो, तिथं शब्द मुलाचाच असतो. ज्याचा शब्द त्याचाच आहे ना, एवढंच बघायचं. पाटी टेबलावर ठेवा आणि मनगट सोडा. नाहीतर सोबत्याला एक वस्तू दाखवा, मुलाला दुसरी, आणि कुठलं नाव येतं ते बघा. दहा मिनिटं लागतात. आलेलं उत्तर सोसवणार नाही, हे मला माहीत आहे. बायको जाताना काय म्हणाली, ते मला आता कधीच कळणार नाही. मुलीला कळलं असेल, तर तिच्याकडे त्याचं चित्र नाही.

तरीही बघा. तुमच्या मुलाचंही काहीतरी दुखत असेल.