सुकरीने दिलेलं घरचं उदाहरण

सकाळी अकरा वाजता धानोरा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत आठवीतली सुकरी उभी राहिली आणि नव्या ठाणेदारांसमोर तिने दोन अवघड इंग्रजी शब्द अचूक वापरले.

शब्द निशा मॅडमनी निवडले होते. साहेबांना इंग्रजीचं वेड आहे, असं मुख्याध्यापक धनराज सरांच्या कानावर आलं होतं. मग फळ्यावर ‘कॅट’, ‘रॅट’ कसं चालणार? बुडबुडे काढत फसफसणारं ते ‘इफर्व्हेसेंट’, त्याचं नाम ‘इफर्व्हेसेन्स’. हालचाल थांबून निपचित झालेलं ते ‘क्वायसेंट’, त्याचं नाम ‘क्वायसेन्स’. निशा तासिकेवर नेमलेली, कायम नसलेली. उपक्रमशील दिसणं तिला भाग होतं. तिने मुलांना बजावलं, “पुस्तकातलं नको. घरी पाहिलेलं उदाहरण द्या.”

सुकरीने दिलं. “इन माय हाऊस, मोहा इज इफर्व्हेसेंट. व्हेन इट बिकम्स क्वायसेंट, माय मदर कुक्स इट.”

पहिली टाळी धनराज सरांची. त्यांना वाक्य कळलं नव्हतं. कळलं दोघांनाच, निशाला आणि ठाणेदारांना. जिल्ह्यात दारूबंदी. मडक्यातली मोहफुलं फसफसायची थांबली की भट्टीवर चढतात, हे पोलिसाला मराठीत कुणी सांगत नाही. इथे ते व्याकरणासकट मिळालं.

“व्हेरी गुड! गाव कोणतं, बेटा?”

“सर, ती होस्टेललाच राहते,” निशा मध्येच म्हणाली.

“अहो मॅडम, गाव आहे ना तिला! कोसमटोला, साहेब,” धनराज सर कौतुकाने पुढे सरसावले. “नाल्यापलीकडं, चिंचेखाली पहिलंच घर. मागून पण वाट आहे.”

“मागची वाटही ठाऊक आहे तुम्हाला?”

धनराज सर जागच्या जागी क्वायसेंट झाले. दिवसभरातलं दुसरं उत्तम उदाहरण.

ठाणेदार चहा न घेताच जीपमधून निघाले. निशाने शिपाई इसरूला व्हरांड्यात गाठलं.

“भाऊ, गाडी काढा. सुकरीच्या मायले, सोमारीबाईले सांगा, मडकं आत्ताच्या आत्ता नाल्यात ओता.”

“देवाच्या पूजेचं हाय ते, मॅडम. ओतन असं वाटते तुमाले?”

“जेलात जाईन ना ते बाई, माह्या धड्यापाई!”

“मंग मराठीत काऊन नाई शिकवलं? मराठीत सांगतलेलं कोनता साहेब आयकते?”

एवढं बोलून त्याने किक मारली. जंगलातली पायवाट धरली तर जीपच्या आधी पोहोचता येतं. खिडकीतून धनराज सर ओरडले, “माझं नाव घेऊ नको म्हणा तिले!”

सुकरी दाराशी उभी होती. “मॅडम, माह्यं काई चुकलं का जी?”

“एकही चूक नाही,” निशा म्हणाली, आणि ते खरं होतं.

दुपारी दोनपर्यंत जीप शाळेवरच्या रस्त्याने परतली नव्हती. इसरूचा फोन लागत नव्हता. कोसमटोल्याहून मोळी घेऊन आलेल्या एका माणसाने एवढंच सांगितलं, की सोमारीच्या अंगणात जीप आणि इसरूची मोटारसायकल शेजारी-शेजारी उभ्या आहेत; आधी कोणती आली, ते त्याने पाहिलं नव्हतं.