शौनकची बस

सारसोळ्याच्या त्या विशेष शाळेची मान्यता यंदा संपत होती. ती पुढे चालू राहण्यासाठी तपासणीच्या दिवशी वीस मुलं वर्गात दिसायला हवी होती. नुसती पटावर असून भागणार नव्हतं. जूनपर्यंत पट एकवीसचा होता. मग उन्नती बेकरीत पाव पाकिटात भरायच्या कामाला लागली. मुख्याध्यापिका वैशालीताईंनी स्वतःच्या हाताने तिचं नाव कमी केलं आणि पेढे वाटले.

तपासणी अधिकारी श्यामसुंदर लोखंडे मंगळवारी साडेदहाला आले. बूट दाराबाहेर काढून त्यांनी मुलं दोनदा मोजली. एकोणीस. आल्यावर आपला फोटो भिंतीवरच्या फळीवर अडकवायचा, ही तिथली हजेरी. एक खिळा रिकामा होता.

"शौनक," वर्गशिक्षिका संघप्रिया म्हणाली. "सतरा वर्षांचा आहे. करावेहून बसने येतो. एकटा."

लोखंड्यांनी त्याचं प्रगतिपुस्तक उघडलं. या शाळेत गुण नसतात, तीन शेरे असतात: हात धरून, सांगून, स्वतः. 'प्रवास'पुढे 'सांगून' होतं.

"एकटा येतो म्हणता, मग हे काय?"

"दोन महिने एकटाच येतोय, सर. पण काही वेगळं घडलं तर काय करेल, ते मी पाहिलेलं नाही. न पाहता 'स्वतः' कसं लिहू?"

लोखंड्यांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "मी बाराला निघणार. एकोणीसचे वीस मला करता येणार नाहीत."

वैशालीताईंनी शौनकच्या वडिलांना, सुधीर यांना, फोन लावला. ते न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात क्लार्क होते.

"अहो मॅडम, इकडे उरण रोडला ट्रेलर आडवा झालाय. सकाळपासून सगळं जाम. त्याची बस इकडूनच येते ना! तो स्टॉपवर बसला असेल."

"शेजारच्यांना सांगून रिक्षात बसवता येईल?"

"बसणार नाही. तुम्हीच शिकवलंय, शाळेला कार्डावरच्या नंबरच्या बसनेच जायचं. मागच्या आठवड्यात उशीर झाला म्हणून मी बाइक काढली, तर बापालाच कार्ड दाखवलंन."

दाराशी उभ्या असलेल्या केशरबाई, शाळेच्या मावशी, हळूच म्हणाल्या, "मॅडम, उन्नतीला बोलवू? इथंच गावान हाय. आपलीच पोर ती."

"आपली होती," वैशालीताई म्हणाल्या. "नको."

संघप्रिया रिक्षा करून करावेला पोचली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. शौनक बाकावर होता. मांडीवर दप्तर, हातात कार्ड.

"टीचर, बस नाही."

"माहितीय रे. चल, रिक्षाने जाऊ."

"रिक्षा नाही."

"अरे, मी आहे ना सोबत!"

"कोणीपण बोललं तरी नाही. टीचरने सांगितलं."

"कुठल्या टीचरने?"

"तू."

जानेवारीत त्याची परीक्षा घ्यायला तिनेच केशरबाईंना वडापाव देऊन याच स्टॉपवर पाठवलं होतं. तेव्हा तो वडापाव खात खात त्यांच्यामागे निघाला होता. त्यानंतर रोज 'नाही' म्हणायचा सराव झाला.

रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला. "ओ मॅडम, यायचंय का? वेटिंग लागेल हां."

तिने हात पुढे केला. मनगट धरून ओढलं असतं तर शौनक आला असता. नक्की आला असता. तिने हात मागे घेतला, रिक्षा सोडून दिली आणि बाकावर बसून फोन लावला.

"मॅडम, बस आली की येईल. मी त्याला ओढत नाहीये."



"ओढू नकोस," वैशालीताई म्हणाल्या.

दुसऱ्या नंबरच्या तीन बस आल्या आणि गेल्या. प्रत्येक वेळी शौनक उठला, कार्ड पाटीशी ताडून पाहिलं आणि खाली बसला. अकरा बावन्नला त्याची बस आली.

"एक सारसोळे," तो कंडक्टरला म्हणाला.

"आणि ह्यांचं?"

"टीचर मोठी आहे. तिचं ती काढेल."

बारा वाजून सात मिनिटांनी लोखंडे उंबरठ्यावर वाकून बुटाची नाडी बांधत होते. बूट घातलेला तो पाय अजून उंबरठ्याच्या आत होता. शौनक त्यांना वळसा घालून आत गेला, चपला रॅकमध्ये ठेवल्या आणि रिकाम्या खिळ्यावर आपला फोटो अडकवला. मग वळून त्याने त्यांच्या पायाकडे बोट दाखवलं.

"बूट बाहेर."

"शौनक!" वैशालीताई ओरडल्या.

"बरोबर आहे त्याचं," लोखंडे म्हणाले. बूट काढून ते पुन्हा आत आले आणि अहवाल उघडून उभ्या उभ्या लिहिलं: उपस्थिती वीस, एक विद्यार्थी बारा वाजून सात मिनिटांनी हजर, कारण वाहतूक कोंडी.

"उशिराची नोंद राहील," ते म्हणाले. "आणि बाई, आता तुम्ही पाहिलंत. पुस्तक सुधारा."

संघप्रियाने 'सांगून' खोडलं, 'स्वतः' लिहिलं आणि शेजारी तारीख घालून सही केली. वैशालीताई तिच्या खांद्यावरून वाचत होत्या.

"म्हणजे पुढच्या जूनला हाही कामाला जाणार," त्या म्हणाल्या, आणि पर्समधून पैसे काढून केशरबाईंच्या हातावर ठेवले. "अर्धा किलो पेढे आणा. मागच्या वेळचे कोरडे होते, दुसऱ्या दुकानातून आणा."