दसऱ्याला पुसलेलं गणित

मित्रांनो, जुना फळा म्हटलं की तुम्ही नाक मुरडता. मुरडा. पण मोडका म्हणालात तर मी ऐकून घेणार नाही. मी सागाचा आहे. तुमच्या त्या पांढऱ्या बोर्डांसारखा दोन उन्हाळ्यांत पिवळा पडत नाही. मला वाचता मात्र येत नाही. पाळण्याला तरी कुठे कळतं, आत कोण झोपलंय ते?

पुंजा सुताराने मला चांदवडच्या एका शाळेसाठी घडवलं. पुढे शाळेने भिंतीतच सिमेंटचे फळे केले आणि मला सरपणात काढलं. तिथल्या गणिताच्या बाई, कुसाबाई, यांनी मला मागून घेतलं. टेम्पोत कांद्याच्या गोण्यांवर आडवा होऊन मी पिंपळगाव बसवंतला, त्यांच्या सासरी आलो आणि ओसरीवर टांगला गेलो.

कुसाबाई गणितात डॉक्टरेट करत होत्या. त्या घरात काय, आसपासच्या गावांतही कुठल्या बाईने हे केलं नव्हतं. स्वयंपाक उरकला की त्या माझ्यासमोर उभ्या राहत आणि टिंबं काढून रेघांनी जोडत. त्यांच्या सासूबाई, धोंडाबाई, दारातून बघायच्या.

"रांगोळीच घालायची तर अंगणात घाल की. भिंतीवर कशाला?"

कुसाबाईंची एक खोड होती. पुरतं पटल्याशिवाय त्या कागदावर काही उतरवत नसत. कच्चं सगळं माझ्या अंगावर. त्या वर्षी शेवटची सिद्धता माझ्यावर महिनाभर मुक्कामाला होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याचे सर ती तपासायला घरी येणार होते. त्यांनी मान डोलावली की प्रबंध पुढे जाणार, नाहीतर इतक्या वर्षांची मेहनत तिथेच अडणार.

दसऱ्याला कुसाबाई नदीवर गोधड्या धुवायला गेल्या. इकडे धोंडाबाईंच्या मनात आलं, सून एवढी शिकते तर तिची पाटी पूजेला नको? त्यांनी ओल्या फडक्याने मला लख्ख पुसलं. खडू कधी हातात धरला नव्हता, तरी एकाचे आकडे जुळवून पाटीपूजेची सरस्वती काढली. झेंडू वाहिला, आपट्याचं पान ठेवलं.

कुसाबाई परतल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"आत्याबाई, इथलं काय केलं?"

"लय धूळ बसलेली. देवीला अशी दाखवू का तुझी पाटी? लाज नाय वाटत?"

मी भांड्यांची आदळआपट ऐकायच्या तयारीत होतो. बाईंनी गोधड्या वाळत घातल्या. पूजेतल्या पाटीवर त्या दिवशी लिहायचं नसतं. दिवसभर त्या माझ्यासमोर हात बांधून बसल्या.

सकाळी धोंडाबाईंनीच पूजा उचलली. सर आले, खुर्चीत बसले. कुसाबाईंनी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. खडू भरभर चालला आणि मध्येच एका रेघेशी थांबला. पुढची पायरी काही केल्या बसेना. महिनाभर रोज डोळ्यांसमोर होती, म्हणून ती खरीच वाटत आली होती.

"सर, हे चुकलंय. इथून पुढचं उभं राहत नाही."

"मग आज मी काय पाहायला आलो?"

"माझी चूक."

सरांनी चहा संपवला आणि चपला घातल्या. "नीट झालं की कळवा," एवढंच म्हणाले.

नीट व्हायला दोन वर्षं गेली. नवी वाट सापडली ती जुन्यापेक्षा सरळ निघाली. आज ते प्रमेय कुसाबाईंच्या नावाने शिकवतात. पुढे नाशिकच्या कॉलेजात गणित विभागाच्या त्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या. परदेशातली माणसं पत्ता विचारत यायची.

धोंडाबाई मात्र बाजारभर सांगत फिरल्या, "मी पुसलं म्हणून सापडलं! नाय तर चाललीच होती चुकीचं गाठोडं घेऊन पुण्याला."

सुनेने त्यांचं म्हणणं एकदाही खोडलं नाही.

कॉलेजने मला ओसरीवरून मागून नेलं. आता मी तिथल्या दालनात काचेत आहे. वर पाटी आहे, "हात लावू नये" असं लिहिलंय म्हणे. मुली येतात, माझ्यासोबत फोटो काढतात आणि जातात. मित्रांनो, माझी निगा राखायची असेल तर त्या काचेची कडी काढा. खडू घ्या, लिहा. चुकलं तर पुसा. पुसल्याने फळा झिजत नाही. असं बसवून ठेवल्यावर मात्र मी नुसतं लाकूड आहे.