पहिल्या पेल्यातला आंबूसपणा

गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९६, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. टेबलावर सदतिसाव्या नमुन्याचे पाच पेले. रोसेंदो कुएयार यांनी पहिल्या पेल्यातली चमचाभर कॉफी सुर्रकन ओढली, तोंडात घोळवली आणि थुंकली. चव शिरक्याची होती.

उइला प्रांताच्या डोंगरातल्या त्या कॉफी उत्पादकांच्या सहकारी संस्थेत चवीचा निवाडा एकट्या रोसेंदोंचा. तक्त्यावर त्यांनी ‘आग्रिओ’, म्हणजे आंबून नासलेली, एवढा शब्द लिहिला की कॉफी निर्यातीतून बाद. नमुना होता विधवा उबाल्दिनाबाईंचा. गेल्या साली तो शब्द त्यांच्या नावापुढे पडलाच होता. पुन्हा पडला तर सभासदत्व जाणार होते.

त्याआधीचा छत्तिसावा नमुना बाईंच्या दिराचा, आर्सेसिओचा. त्याचे पाचही पेले असेच आंबूस निघाले होते. दोघांचे वाळवणाचे अंगण एकच. रोसेंदोंच्या मनात पाल चुकचुकली.

“बाई, खरं सांगा. दिराची कॉफी आपल्या पोत्यात घेतलीत ना?”

खिडकीशी उभ्या बाई उसळल्या. “त्या मेल्याची? सणालासुद्धा विचारत नाही तो मला! माझी कॉफी उंचावरची, मास्तर. ती आंबट असायचीच, लुलोच्या फळासारखी. त्याला ‘आसिदो’ लिहा, चांगली आंबट.”

“लुलोनं गालात पाणी सुटतं, तोंड स्वच्छ होतं. हे घशाला चिकटून बसलंय. चाळीस वर्षं हीच जीभ वापरतोय मी.”

“मग उरलेले चार चाखा की! का एकाच पेल्यात दमली ती जीभ?”

त्यांनी चाखले. चारही निर्मळ.

संशय मिटला नाही. त्याने फक्त दिशा बदलली. दिराची कॉफी मिसळली असती तर आंबूसपणा साऱ्या पेल्यांत उतरला असता. एखादा नासका दाणा नेमका पहिल्याच पेल्यात आला, असेही म्हणता आले असते. पण योगायोगावर रोसेंदोंचा भरवसा नव्हता. दाणे पेल्यागणिक वेगळे दळले जात. चक्कीत आधीच्या नमुन्याची पूड अडकून राहते आणि पुढच्याच्या पहिल्या पेल्यात उतरते, म्हणून प्रत्येक नव्या नमुन्याचे दहा ग्रॅम दाणे आधी दळून फेकायचे, म्हणजे चक्की झाडायची, हा त्यांनीच घालून दिलेला नियम. त्यांनी फेकलेल्या पुडीचा डबा तराजूवर रिकामा केला. सकाळपासून सात नमुने दळले होते. सत्तर ग्रॅम हवे होते, भरले साठ.

तेवीस वर्षे तिथे दळणारी नेल्सी एप्रनला हात पुसत राहिली.

“कोणाच्या वेळी चक्की झाडली नाहीस?”

“बाईंच्या. नमुन्याची पुडी हलकी होती, मास्तर. जेमतेम पाच पेल्यांपुरती. नमुना अपुरा म्हणून बाईंना परत पाठवतील, असं वाटलं.”

“म्हणजे माझी कीव केलीस?” उबाल्दिनाबाई कडाडल्या. “वैऱ्याची करत जा गं अशी कीव!”

यावरही रोसेंदोंनी विश्वास ठेवला नाही. दोघी शेजारणी होत्या. कपाटातली, बाईंच्याच पोत्यातून काढलेली मोहोरबंद पिशवी त्यांनी स्वतः फोडली, दाणे स्वतः भाजले, रात्रभर कुलपात मुरू दिले आणि किल्ली खिशात ठेवली. सकाळी चक्की स्वतः झाडली. मग पाठ फिरवून शिपायाकडून पेल्यांच्या जागा बदलून घेतल्या आणि प्रत्येक पेला तीनदा चाखला.

तक्त्यावर त्यांनी लिहिले: पाच पेल्यांत आग्रिओ, शून्य.