चतुराबाईची खालची कवळी

मी एक जुनी कवळी आहे. तीही खालच्या जबड्याची. एवढं सांगतानाच मला ओशाळल्यासारखं होतं, मित्रांनो, कारण कवळीचं नाव निघालं की माणसं आधी फिदीफिदी हसतात आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवतात. नांगरानं, छत्रीनं, शाळेच्या घंटेनं आपली कहाणी सांगावी, त्यांना ते शोभतं. ती चारचौघांत वावरलेली मंडळी. माझं सगळं आयुष्य एका बाईच्या तोंडात, पदराआड गेलं. आता मी पत्र्याच्या एका लहानशा डबीत असते. झाकण उघडून पाहिलंत तर म्हणाल, हिला चुलीतून ओढून काढली की काय! पण हा काळा रंग माझा जन्माचा नव्हे. तो कसा आला, ते आज सांगायचं धाडस करते आहे.

माझा जन्म चौसाळ्याचा. तिथं विजयमाला मॅडमचा दातांचा दवाखाना आहे. चतुराबाई पहिल्यांदा तिथं आली तेव्हा तिच्या तोंडात मोजकेच दात उरले होते, तेही काळे आणि हलणारे. (मी तिला एकेरीच म्हणणार. जिच्या तोंडात राहिले तिच्याशी परकेपणा कसला?) बाकीचे दात मिश्रीनं नेले होते. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून बारीक केलेली तंबाखू. आमच्या भागात पुष्कळ बाया सकाळी तिनंच दात घासतात. घासतात कसल्या, ओट्यावर बसून बोटानं हिरड्यांवर फिरवत राहतात, आणि गप्पा संपल्या तरी बोट तोंडातच असतं. चतुराबाईची दाढ लहानपणी ठणकली होती, तेव्हा तिच्या आईनंच मिश्रीचं पहिलं बोट लावलं. दुखणं बधिर झालं आणि सवय मात्र जन्माची लागली.

दवाखान्यात तिला तिच्या मुलानं, सतीशनं आणलं होतं. नवरा कचरू वारल्यापासून घरात मायलेकच. आता सतीशची सोयरीक नांदूरघाटच्या पंचशीलाशी जमली होती आणि वरमाय बोळकी दिसू नये अशी चतुराबाईची इच्छा होती. उरलेले दात काढले, हिरड्या भरून आल्या, मेणाचं माप झालं, आणि वरची कवळी आणि मी अशा आम्ही दोघी बहिणी तयार झालो. तेव्हा मी कशी होते म्हणून सांगू! गुलाबी हिरड्या, मोगऱ्याच्या कळ्यांसारखे दात. आज हे बोलतानाही जीभ अडखळते, पण मी खरंच सुंदर होते.

मॅडमनी नीट समजावून सांगितलं. कवळी रोज मऊ ब्रशनं, साध्या साबणानं धुवायची. रात्री काढून पाण्यात ठेवायची, म्हणजे हिरड्यांना विसावा मिळतो. मिश्री पूर्ण बंद. वर्ष गेलं की जबडा झिजतो, कवळी सैल होते, म्हणून दाखवायला यायचं. सतीशनं दवाखान्याच्या दंत योजनेत घराचं नावही घातलं. दर सहा महिन्यांनी घरातल्या सगळ्यांची तपासणी आणि दर महिन्याला मोबाइलवर आरोग्याचे सल्ले. चतुराबाई प्रत्येक वाक्याला "हाव बाई, हाव" म्हणत होती. तिचं लक्ष आरशात होतं.

लग्नात आमचं कौतुक काय झालं! बुद्धवंदना झाली, मंगल परिणय झाला, आणि पांढऱ्या साडीतली चतुराबाई पाहुण्यांत हसत फिरू लागली. शेजारची बायनाबाई तर तिच्या तोंडाकडेच बघत राहिली.

"अगं चतुरे, लईच तरणी दिसायलीस की! नवरी कोनची अन् वरमाय कोनची, कळंना झालंय!"

चतुराबाई आणखी हसली. आयुष्यात प्रथमच तिनं हसताना तोंडावर पदर घेतला नाही. माझ्या नशिबातला तो सगळ्यात चांगला दिवस होता.

त्याच रात्री तिनं सतीशला बाजूला घेतलं. "हे बघ, माझे दात खोटे हायेत हे तुझ्या बायकूला सांगायचं न्हाई. तुला माझी आण हाय."

"कावून गं माय? त्यात लपवायसारखं काय हाय?"

"शिकल्याली पोरगी हाय ती. सासू बोळकी म्हणून म्हायेरी जाऊन हासंल."

सतीशनं आण पाळली. माझ्या दुर्दशेला तिथूनच सुरुवात झाली, मित्रांनो. सून घरात आहे म्हणून चतुराबाई मला रात्रीसुद्धा तोंडातून काढीना. पाण्याची वाटी, मऊ ब्रश, साबण, सगळं राहिलं दूर. पहाटे सून उठायच्या आत ती गोठ्यामागे जायची, आम्हा दोघींना काढायची आणि घासायची. कशानं, माहीत आहे? मिश्रीनं! तिच्या लेखी दात घासायचे म्हणजे मिश्रीनंच, मग ते हिरडीत उगवलेले असोत की चौसाळ्याहून आणलेले. खसाखसा घासायची आणि वर म्हणायची, "आता कशे लख्ख झाले!" लख्ख कुठले, मी पिवळी पडले, मग तपकिरी, मग डांबरासारखी. माझ्या अंगावर चरे पडले, चऱ्यांत काळं साचलं आणि माझ्या श्वासाला घाण येऊ लागली. दिवसा ती बायनाबाईच्या ओट्यावर जायची, तिच्या डबीत बोट बुडवायची आणि कवळीबाहेर उघड्या राहिलेल्या हिरड्यांवरही मिश्री फिरवायची. ज्या तोंडाचा मी दागिना होते, त्यात मला तोंड दाखवायची लाज वाटू लागली.

पंचशीला गुणाची पोरगी. गावातल्या खासगी शाळेत शिकवायची, घरी येऊन स्वयंपाक करायची. जेवणं झाली की योजनेचा आलेला संदेश मोठ्यानं वाचून दाखवायची. गोड खाल्लं की चूळ भरा. रात्री झोपण्यापूर्वी दात घासा. पाणी भरपूर प्या. कवळी रात्री काढून ठेवा. हे वाक्य आलं की सतीश आईकडे बघायचा आणि आई भिंतीकडे. तपासणीची वेळ आली की नवराबायको दोघं चौसाळ्याला जायचे.

"आत्या, तुमीबी चला की. कार्डावर तुमचंबी नाव हाय."

"माझं काय काम? माझे दात धड हायेत."

पंचशीलाला ते खरंच वाटायचं.

दोन-अडीच वर्षांत जबडा झिजला आणि मी सैल झाले. वरची कवळी टाळूला चिकटून बसते, तिला काही वाटत नाही. खालचीला आधार कमी, ती प्रत्येक घासाला हलते. मी हलायचे आणि माझी खरबरीत कड गालाच्या आत एकाच जागी घासायची. तिथं आधीच मिश्रीनं पांढरा चट्टा आलेला होता. त्यावर जखम झाली. चतुराबाईनं हळद लावली, लवंग धरली, आणि शेवटी मिश्रीचीच चिमूट जखमेवर दाबून ठेवू लागली, कारण तिनं बधिर व्हायचं. मी तिथंच होते. सगळं बघत होते. तोंडात राहून मला ओरडता येत नव्हतं.

आता तिला भाकर चावेना. ठेचा तर लांबच, साधं वरणही झोंबायचं. ताटावर बसायची, दोन घास इकडेतिकडे करायची आणि उठायची. "पोट भरलं" म्हणायची. पंचशीला रोज काहीतरी नवं करून बघू लागली. धपाटे केले, शेंगदाण्याची आमटी केली, मऊ पिठलं केलं. सासू दोन घासांवर उठलीच. एकदा सून चुलीपाशी डोळे पुसत सतीशला म्हणाली, "माझ्या हातचं आत्यांला ग्वाड लागत न्हाई. आडीच वरीस झालं, मी काय कमी केलं ते तरी सांगा." सतीश आईकडे गेला तर आई म्हणाली, "मला भूकच न्हाई, त्याला मी काय करू?" सतीशला जखमेचं ठाऊक नव्हतं. त्यानं विषय सोडून दिला. पंचशीलाला वाटलं, नवराही आईच्याच बाजूनं आहे. तिनं माहेरी फोन केला.

त्या रविवारी नांदूरघाटहून तिचे आईवडील आले. लेकीला काही दिवस घेऊन जावं, असं त्यांच्या मनात होतं. पंचशीलानं मटण केलं, भाकरी केल्या. पाहुण्यांसोबत चतुराबाईला ताटावर बसणं भाग होतं. विहीण म्हणाली, "इहिनबाई, घ्या की. का लेकीच्या हाताला चवच न्हाई?"

बोलणं हसतहसत होतं, पण त्यात काटा होता, आणि तो चतुराबाईला लागला. सुनेच्या हाताला चव नाही असं कुणी म्हणू नये म्हणून तिनं भाकरीचा मोठा घास मोडला, त्यात मटणाचा तुकडा घेतला आणि तोंडात घालून जोरात चावला.

मी सरकले. माझी कड जखमेत रुतली. चतुराबाईच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की सतीशच्या हातातला तांब्या पडला. आणि तिच्या तोंडातून मी पडले, थेट ताटात. रश्श्यात काळीकुट्ट मी, माझ्या कडेला ताजं रक्त, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मित्रांनो, धरणीनं पोटात घ्यावं असं माणसं म्हणतात ना, तसं मला झालं. विहिणीनं नाकाला पदर लावला. चतुराबाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि मान अशी खाली घातली की कपाळ ताटाला लागायचं बाकी होतं.

कुणी मला हात लावीना. मग पंचशीला उठली. तिनं मला उचललं, जणू काही ताटातला चमचाच पडला आहे. मोरीत नेऊन स्वच्छ पाण्यानं धुतलं, वाटीत ठेवलं आणि सासूपुढं येऊन बसली.

"आत्या, म्हणून जेवत न्हवता व्हय? अन् मी इकडं काय काय समजून बसले!"

चतुराबाईनं नुसती मान हलवली. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"आ करा. मला बघू द्या."

"नगं गं. लई घाण हाय."

"मी तुमची कोन हाय? करा आ."

आणि चतुराबाईनं तोंड उघडलं. लग्न झाल्यापासून जे सुनेपासून लपवलं, ते सगळं तिच्यापुढं उघडं केलं. पंचशीलानं मोबाइलचा उजेड आत धरला. जखम बघून तिचाच चेहरा उतरला. "तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली न्हाई तर दाखवायचं असतं. मीच वाचून दाखवलं होतं की आत्या. किती दिवस झाले हिला?"

"दिवाळीच्या आधीपसून हाय."

तेव्हा होळी जवळ आली होती. सतीश आईजवळ येऊन बसला. "माय, मी आण कशाला पाळली गं," एवढंच तो म्हणाला. पंचशीलाची आई नाकाचा पदर काढून पुढं झाली आणि चतुराबाईच्या पाठीवर हात फिरवू लागली. लेकीला न्यायचा विषय त्यांनी काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी चौसाळा. विजयमाला मॅडमनी मला हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. मला वाटलं, आपल्याला घडवणारीच आता आपल्याला ओळखणार नाही. त्यांनी विचारलं, "चतुराबाई, ही कशानं घासत होतात?" उत्तर ऐकून त्या रागावल्या नाहीत. त्यांनी बीडच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथं जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल यायचा होता. वाटीतल्या पाण्यात पडल्यापडल्या मी एकच विचार करत होते, हिला काही झालं तर ती जखम माझ्याच कडेनं केलेली होती.

निकाल आला. कर्करोग नव्हता. पण तो पांढरा चट्टा त्याच वाटेवर निघाला होता, असं मॅडम म्हणाल्या. मिश्री त्याच दिवशी बंद व्हायला हवी आणि दर महिन्याला तोंड दाखवायला हवं. जखम भरेपर्यंत कवळी घालायची नाही. त्यानंतर नवी होईल, ही टाकून द्या.

वरची बहीण गेली, पण चतुराबाईनं मला टाकलं नाही. कमरेला खोचलेली आपली मिश्रीची डबी तिनं उकिरड्यावर पालथी केली, घासून धुतली आणि त्यात मला ठेवलं. हो मित्रांनो, मी राहते ती डबी तीच. मिश्रीविना पहिले दिवस तिला फार जड गेले. चिडायची, डोकं धरायची, हात सारखा कमरेकडे जायचा. पंचशीला तिच्या हातावर बडीशेप ठेवायची.

मग एका सकाळी ती बायनाबाईच्या ओट्यावर गेली. चार-पाच बाया बोटं तोंडात घालून बसल्या होत्या. चतुराबाई त्यांच्यात बसली, बोळक्या तोंडानं, पदर न घेता. बायनाबाईनं सवयीनं आपली डबी पुढं केली. चतुराबाईनं तिच्याशेजारी आपली डबी ठेवली आणि झाकण उघडलं.

"ही बघा. चौसाळ्याहून आनली तवा पांढरीफेक होती. ही तर पलास्टिकची हाय, बायांनो. आपलं तोंड तर मांसाचं हाय."

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मला वाटलं, आता पुन्हा तेच, पुन्हा ती लाज. पण कुणी हसलं नाही. बायनाबाईनं हळूच बोट तोंडातून काढलं, पदराला पुसलं आणि खाली बघत म्हणाली, "चतुरे, माझ्याबी गालात पांढरं हाय. कुनाला सांगितलं न्हाई."

पुढच्या तपासणीला पंचशीला दोघींना घेऊन गेली.

माझा काळेपणा काही गेला नाही, तो जाणारही नाही. नवी कवळी रोज रात्री पाण्याच्या वाटीत निवांत झोपते आणि मी शेजारच्या डबीत पडून तिच्याकडे बघते. मित्रांनो, तुम्ही रात्री दात घासता का, हे मी विचारणार नाही, ते तुमची आई विचारेलच. माझं मागणं वेगळं आहे. आज घरी गेलात की तुमच्या आजीला, आत्याला, जी कुणी हसताना तोंडावर पदर घेते तिला, तोंड उघडून दाखवायला सांगा. ती लाजेल. नाही म्हणेल. तुम्ही हट्ट धरा. आणि ती तोंड उघडेल तेव्हा, मित्रांनो, हसू नका.