लाल चिठ्ठीची टोपली

निवडीच्या टेबलावर तिचे हात इतके भरभर चालत की डोळे मिटूनही ती मेलेला शिंपला बाजूला काढी. खाडीच्या मुखाजवळच्या त्या कारखान्यात तिची हयात गेली होती. सगळ्या बायका तिला थोरली म्हणत. परदेशी जाणारा माल तपासला जाई. पास झालेल्याला हिरवी चिठ्ठी, नापास झालेल्याला लाल. लाल चिठ्ठीचा माल मात्र फेकला जात नसे. मुकादम मोठ्या मनाने तो बायकांना वाटून टाकी. "बाहेरच्यांची पोटं नाजूक! तुम्ही न्या, मजा करा," म्हणायला त्याच्या बापाचं काय जात होतं?

थोरली ती टोपली मिरवत घरी नेई. सुनेला सातवा महिना होता आणि आधीचं एक पोर पोटातच गेलं होतं. "खा गं, दोन जिवांची आहेस," म्हणत थोरली स्वतःच्या वाटचे शिंपलेही तिच्या ताटात ओढी.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सुनेचं पोट पाहिलं, मग तिचे तळहात उलटेपालटे केले आणि एकदम थोरलीचेही हात पुढे ओढले.

"आजी, तळहातांवरचे हे टणक दाणे कधीपासून?"

"अहो, घट्टे आहेत ते. शिंपले निवडून निवडून झालेत."

"आणि ही कुठं शिंपले निवडते?"

थोरलीने सुनेचे तळहात आपल्या हातात घेतले. सून तर घरीच असे. तरी तिच्या तळहातांवर तसेच टणक दाणे होते, गळ्याखाली काळसर ठिपके होते. बाईंनी खाणंपिणं विचारलं. थोरलीने लाल चिठ्ठीसकट सगळं सांगितलं.

"वरच्या कारखान्यांचं पाणी खाडीत येतं," बाई म्हणाल्या. "त्यातला सोमल गाळात बसतो आणि गाळातून शिंपल्यात जातो. ती लाल चिठ्ठी त्याचीच असणार."

"सोमल? उंदरांना घालायचे तो? पण मी चांगलं खळखळून उकळते हो!"

"उकळून जात नाही तो."

"आणि बाळ?"

"आजपासून हे खाणं बंद. तपासण्या करू. आत्ताच काही सांगता येत नाही, आजी."

सुनेने सासूकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर थोरलीने सोसला असता. तिथे नुसती भीती होती. आपणच मायेने विष वाढलं, हे थोरलीला उमगलं.

दुसऱ्या दिवशी तिने मुकादमाला गाठलं. "लाल चिठ्ठीत सोमल असतो, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"एवढ्या वर्षांत मेलं का कुणी?" तो हसला.

"मग तुमच्या घरी का नाही नेत कधी?"

त्याचं हसू विरलं. "न्यायची तर ने. घेणाऱ्या छप्पन्न आहेत."

थोरलीने बायकांना सोमलाचं सांगितलं, टोपल्या नेऊ नका म्हणून हात जोडले. टेबलावर तिच्या शेजारी बसणारी बडबडी फणकारली, "तुला नको तर नको नेऊस. आमच्या पोटावर का उठलीस?" बाकीच्या टोपल्या उचलायला वाकल्याच होत्या.

तेव्हा थोरलीने फरशी धुवायचा फिनेलचा डबा उचलला आणि रांगेतल्या एकूण एक टोपलीवर ओतला.

मुकादमाने तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. बायकांनी शिव्यांची लाखोली वाहिली. शिंपले नळाखाली धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. अखेर नाक दाबून फेकून दिले.

"वास येतो म्हणून टाकताय ना?" थोरली रडत ओरडली. "सोमलाला वासच नसतो गं! म्हणून तर इतकी वर्षं चाटूनपुसून खाल्लं आपण!"

बडबडीने आपले तळहात उघडून पाहिले आणि मुठी मिटून घेतल्या.

"मग आज पोरांना काय घालू?" तिने विचारलं. आता ती भांडत नव्हती.

सुनेच्या पोटातल्या जिवाचं काय होणार, हे अजून थोरलीला कुणी सांगितलं नव्हतं. ती कारखान्याच्या फाटकात जाऊन आडवी बसली. उद्या पुन्हा लाल चिठ्ठ्या लागणार होत्या, आणि तिला ओलांडल्याशिवाय ती टोपली आता कुणालाच घरी नेता येणार नव्हती.