उद्देशिकेचं पहिलं वाक्य

फोडणीच्या तडतडीत भूषणचं वाचणं नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून रंभाने गॅस बारीक केला.

"'एका आईच्या अंधश्रद्धेने एका मुलीचा बळी घेतला,'" बाहेरच्या खोलीत तो वाचत होता, "'आणि त्या दुःखातून माणूसपण मंडळाचा जन्म झाला.' उद्देशिका इथून सुरू होते. मग नियम."

"जमलं," धनंजय म्हणाला. "सुरुवात अशीच पायजे."

रंभाने भिजवलेले पोहे कढईत टाकले आणि परतायला घेतले. हे बोलणं तिला नवीन नव्हतं. रिसालीतल्या या घराच्या आधी पोलाद प्लांटच्या क्वार्टरमध्ये, गावोगावच्या चौकांत आणि शाळांच्या मैदानांत तिचा नवरा केवलराम हेच सांगत आला होता. सांगितलेलं वाऱ्यावर जातं, असं तिने स्वतःला समजावलं होतं. आज मात्र ते छापलं जाणार होतं. मंडळाची नोंदणी व्हायची होती. नियमावलीची एक प्रत सरकारात जाणार होती आणि पुढे येणारा प्रत्येक सभासद ती वाचून सही करणार होता.

तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि दारात जाऊन उभी राहिली.

खोलीत मंडळाची माणसं सतरंजीवर बसली होती. भिंतीला टेकून केवलराम बसला होता. तो मंडळाचा संस्थापक. प्लांटच्या कोक ओव्हन भट्ट्यांवरून निवृत्त झाला, तरी त्याची पाठ ताठ होती. त्याच्या शेजारी मोना, त्यांची मुलगी. खासगी शाळेत विज्ञान शिकवायची. कार्यकारिणीत बायका असाव्यात असा नियम भूषणने घातला होता, म्हणून पहिल्या सात सह्यांमध्ये तिचं नाव घेतलं होतं.

"ते 'आईच्या' काढता येईल काय?" रंभाने विचारलं.

सगळ्यांनी मान वळवली. इतक्या वर्षांच्या बैठकांत ती बोलली असेल तर चहात साखर किती एवढंच.

"काकू, तुमाले किती लागत असंल ते समजते मले," भूषण मऊ आवाजात म्हणाला. "पण तेच तर मंडळाचं मूळ हाय. लोकांनी शिकावं यातून."

"मूळ ते नाई."

रंभा भूषणकडे पाहत नव्हती. ती केवलरामकडे पाहत होती, आणि केवलराम सतरंजीकडे.

पंखा फिरत होता. मोनाने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"आई-वडिलांच्या, असं लिही," केवलराम शेवटी म्हणाला.

"पण भाऊ, तुमी तर ड्यूटीवर होता ना तेव्हा?"

"लिही. लेकरू दोघांचं होतं."

धनंजयने टाळी वाजवली आणि बाकीच्यांनीही वाजवल्या. धनंजयचे डोळे भरून आले होते. त्याने केवलरामचा हात दोन्ही हातांत धरला.

"बायकोची चूक आपल्या अंगावर घ्याले जिगर लागते, भाऊ."

"ऐसे लोग मिलते नहीं," भूषण म्हणाला आणि त्याने वाक्य दुरुस्त केलं.

केवलरामने हात सोडवून घेतला नाही. रंभा आत गेली.

सुनिता त्यांची थोरली. तिला कावीळ झाली तेव्हा मोना मांडीवर होती. ते सुपेल्यात भाड्याच्या खोलीत राहायचे. प्लांटच्या दवाखान्याचं कार्ड होतं, औषध फुकट होतं. रंभा सुनिताला तिथे न्यायचं म्हणत होती. केवलरामच्या शिफ्टमधल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की काविळीत सुई टोचली की माणूस वाचत नाही. जामुलच्या पलीकडे एक झाडफूक करणारा बैगा आहे, तो कावीळ उतरवतो. रंभा ऐकेना. सुनिताला त्याच्याजवळ ठेवून, मोनाला कडेवर घेऊन ती चौकातून रिक्षा आणायला गेली. रिक्षा घेऊन परतली तेव्हा खोलीला बाहेरून कडी होती आणि सायकल जागेवर नव्हती.

केवलराम सुनिताला घेऊन संध्याकाळी आला. तिच्या गळ्यात झाडाच्या मुळ्यांची माळ होती. माळ सुकून लांबत जाईल तसा आजार उतरेल, असं बैग्याने सांगितलं होतं. माळ लांबत गेली. नंतर दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टर आधी माळेकडे आणि मग रंभाकडे पाहत राहिला. त्याने केवलरामकडे पाहिलंच नाही.

सुनिता गेल्यानंतर केवलराम जेवेना. कामावर जाईना. भिंतीकडे तोंड करून पडून राही. रंभाला वाटलं, हाही जातो आता. मग अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारे नागपूरकडचे काही कार्यकर्ते आले, त्यांनी सभा घेतली, केवलरामला बोलायला उभं केलं. हे कसं घडलं, असं त्यांनी विचारलं. "बाईमाणूस," केवलराम म्हणाला, "मी ड्यूटीवर होतो, तिनं कोणाचं तरी ऐकलं." रंभा तिथेच होती, बायकांमध्ये मागे. त्या दिवशी घरी येऊन तो ताटावर बसला. दोन भाकरी खाल्ल्या. ती समोर बसून पाहत राहिली आणि काही बोलली नाही.

पुढे तो खरोखरच बदलला. बैग्यांच्या दारातून त्याने किती आजारी माणसं उचलून दवाखान्यात नेली. त्यातली बरीच जगली. हेही खोटं नव्हतं, म्हणून तिला बोलायला कधी जागाच सापडली नाही.

मोना स्वयंपाकघरात आली आणि रंभाने भरलेल्या बशांकडे न पाहता ओट्याला टेकून उभी राहिली.

"बाबांनी केवढं मोठं मन दाखवलं, आई. तू एक शब्द तरी बोलायला पाहिजे होतंस."

रंभा बशांवर कोथिंबीर टाकत होती.

"मी तुला दोष देऊन नाही राहिली," मोना म्हणाली. "तू शिकलेली नव्हतीस. पण इतक्या लोकांसमोर ते शब्द काढा म्हणालीस, तेव्हा मले कसंतरीच झालं."

मोनाच्या मुलाला ताप आला की ती फोन वडिलांना करायची. आईला सांगू नका, ती काहीतरी बांधेल त्याच्या गळ्यात, असं ती एकदा म्हणाली होती. फोन स्पीकरवर होता. रंभा तेव्हा शेजारी बसून मटार सोलत होती.

"रिक्षावाल्यानं पैसे घेतले नाई माझ्याकडून," रंभा म्हणाली.

"कोण रिक्षावाला?"

"सुपेला चौकातला. तू कडेवर होतीस माझ्या. मी त्याले सांगतलं, सेक्टर नऊच्या दवाखान्यात जायचं हाय, पोरगी पिवळी पडली. तो दारापर्यंत आला. घराले कडी होती. सायकल नोती. तो म्हणे, बाई, कोणीतरी घेऊन गेलं असंल, मी थांबतो. लय वेळ थांबला तो."

मोनाचा हात ओट्यावर होता. तिथे पाणी सांडलं होतं आणि तिची बाही भिजत होती.

"सायकल तू चालवत नव्हतीस कधी," ती म्हणाली.

"मले येतच नाई."

"मग तू सांगितलं का नाहीस? मले तरी."

"तुले एकच बाप होता," रंभा म्हणाली, आणि बशा ताटात मांडू लागली.

बाहेरून भूषणने हाक मारली, की सह्या करून घेऊ, सोमवारी कचेरीत द्यायचं आहे. मोना हलली नाही. थोड्या वेळाने केवलराम कागद आणि पेन घेऊन स्वतःच दारात आला.

"मोना, सही राहिली तुझी."

मोनाने त्याच्याकडे पाहिलं. तो तिचा सगळ्यात आवडता माणूस होता. विज्ञान तिने त्याच्यासाठी घेतलं होतं.

"बाबा, तुम्ही ड्यूटीवर होता त्या दिवशी?"

केवलरामने रंभाकडे पाहिलं. तिचं लक्ष ताटाकडे होतं.

"लोक थांबले हायेत," तो म्हणाला. "हे बोलू मागून."

"मी नाही करत सही."

"असं काय करून राहिली? सात लागतात. बाई लागते त्याच्यात."

मोनाने आईच्या हातातलं ताट घेतलं, पण बाहेर गेली नाही. ते ओट्यावर परत ठेवून ती तिथेच, रंभाच्या बाजूला उभी राहिली. बाहेर कुणीतरी हसलं. धनंजय कुणाला तरी भाऊंचं मघाचं वाक्य पुन्हा सांगत होता.

केवलराम दारातच होता. त्याने कागदाची घडी केली, उलगडली. मग तो रंभाजवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला,

"मग तू कर."

रंभाने हात धुतले. नीट पुसले. सही तिला येत होती. बँकेत तीच करायची.

"करतो ना," ती म्हणाली. "काय लिवलं हाय ते वाचून दाखवा पयले. वरून."

केवलरामने कागद डोळ्यांपुढे धरला. त्याचे ओठ हलले. मोना त्याच्याकडे पाहत होती.

"चष्मा बाहेर राहिला," तो म्हणाला.

चष्मा त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता. तिघांनाही दिसत होता. रंभा पेन घेऊन उभी राहिली.